श्राव्यातीत ध्वनिमुद्रिका-स्वच्छता यंत्राची देखभाल

श्राव्यातीत ध्वनिमुद्रिका-स्वच्छता यंत्र हे व्हायनिल तबकड्यांच्या खाचांमध्ये साचलेली धूळ, बोटांचा तेलकटपणा, बुरशी आणि इतर मळ श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या साहाय्याने पाण्यात मोकळा करणारे उपकरण आहे. मानवी कानाला साधारणपणे २० किलोहर्ट्‌झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. ही यंत्रे बहुधा ४० ते १२० किलोहर्ट्‌झ वारंवारतेवर चालतात. यंत्रात ब्रश किंवा सुई खाचेला घासली जात नाही, साफसफाईचे काम पाणीच करते. त्यामुळे यंत्राच्या देखभालीचा मोठा भाग हा पाण्याच्या देखभालीचा असतो. पाणी वेळेवर न बदलल्यास एका तबकडीचा मळ दुसरीवर बसतो आणि स्वच्छतेसाठी वापरलेले यंत्रच अस्वच्छतेचे कारण ठरते.

पार्श्वभूमी

कोलंबिया रेकॉर्ड्‌स या अमेरिकी कंपनीने १९४८ साली मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी दीर्घवादन तबकडी (एलपी) बाजारात आणली. १९४९ मध्ये आरसीए व्हिक्टर कंपनीने ४५ फेऱ्यांची तबकडी आणली. या तबकड्या व्हायनिलच्या होत्या आणि त्यांच्या खाचा आधीच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांपेक्षा बऱ्याच अरुंद होत्या. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची खाच सुमारे १५० मायक्रोमीटर रुंद असते, तर दीर्घवादन तबकडीची खाच साधारण ५० ते ६० मायक्रोमीटर रुंद असते. खाच अरुंद झाल्यामुळे बारीक धुळीचा कणही वादनात ‘टिक्’ असा आवाज उमटवू लागला. शिवाय व्हायनिल विजेचे दुर्वाहक असल्याने त्यावर स्थितिक विद्युतभार साचतो आणि धूळ आकर्षित होते.

तबकड्या धुऊन त्यांवरील द्रव शोषून घेणारी यंत्रे १९६० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये कीथ मंक्स यांनी प्रचारात आणली. श्राव्यातीत तंत्र त्यापूर्वीपासून प्रयोगशाळा, दंतवैद्यक, घड्याळदुरुस्ती व दागिन्यांच्या व्यवसायात वापरात होते. तबकड्यांसाठी ते नंतर स्वीकारले गेले. जर्मनीतील ऑडिओ डेस्क सिस्टेम, दक्षिण कोरियातील केएल ऑडिओ (४० किलोहर्ट्‌झ) आणि एस्टोनियातील डिग्रिटर (१२० किलोहर्ट्‌झ) ही या प्रकारच्या यंत्रांची काही उदाहरणे आहेत. अनेक संग्राहक सर्वसाधारण श्राव्यातीत टाकीवर तबकड्या फिरवणारा दांडा बसवूनही काम करतात.

रचना

यंत्राचे मुख्य भाग पुढीलप्रमाणे असतात :

- टाकी : ही सहसा गंजरोधक पोलादाची असते. तबकडी तीत उभी बुडते.
- ट्रान्सड्यूसर (कंपक) : विजेच्या कंपनांचे यांत्रिक कंपनांत रूपांतर करणारा भाग. तो टाकीच्या तळाला किंवा बाजूंना बाहेरून चिकटवलेला असतो. त्यात लेड झिर्कोनेट टिटॅनेट या दाबविद्युत् पदार्थाच्या चकत्या असतात. दाबविद्युत् परिणामाचा शोध ज्याक व प्येर क्युरी या बंधूंनी १८८० मध्ये लावला.
- विद्युत जनित्र : घरगुती विजेपासून उच्च वारंवारतेचा प्रवाह निर्माण करणारे मंडल.
- फिरवणारी मोटर : तबकडीला अतिशय मंद गतीने फिरवते.
- पंप व गाळणी : पाणी खेळते ठेवून त्यातील तरंगणारे कण अडवते. ही सोय सर्व यंत्रांत नसते.
- सुकवणारा पंखा : धुतलेल्या तबकडीवर हवा सोडतो. हाही काही यंत्रांतच असतो.

कार्यतत्त्व

श्राव्यातीत लहरी पाण्यातून जाताना तेथील दाब आळीपाळीने कमी व जास्त होतो. दाब पुरेसा कमी झाला की सूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि दाब वाढताच ते वेगाने कोसळतात. या क्रियेला कॅव्हिटेशन म्हणतात. बुडबुडा पृष्ठभागाजवळ कोसळला की पाण्याची अतिसूक्ष्म धार पृष्ठभागावर आदळते आणि तेथे चिकटलेला कण सुटतो.

वारंवारता जितकी कमी तितका बुडबुडा मोठा आणि त्याचा आघात तीव्र असतो. ४० किलोहर्ट्‌झला अनुस्पंदी बुडबुड्याची त्रिज्या सुमारे ८० मायक्रोमीटर, तर १२० किलोहर्ट्‌झला सुमारे २७ मायक्रोमीटर असते. कोणत्याही पृष्ठभागालगत पाण्याचा एक पातळ थर जवळजवळ स्थिर राहतो. कंपनांमुळे त्याची जाडी ४० किलोहर्ट्‌झला सुमारे २.८ मायक्रोमीटरपर्यंत, तर १२० किलोहर्ट्‌झला सुमारे १.६ मायक्रोमीटरपर्यंत उरते. म्हणून उच्च वारंवारता बारीक कणांसाठी उपयुक्त ठरते. कमी वारंवारता घट्ट मळासाठी प्रभावी असली, तरी तिचा आघात टाकीच्या धातूवरही अधिक होतो.

पाण्यात लहरींची लांबी ४० किलोहर्ट्‌झला सुमारे ३७ मिलिमीटर आणि १२० किलोहर्ट्‌झला सुमारे १२ मिलिमीटर असते. एकाच दांड्यावर अनेक तबकड्या दाटीने लावल्यास त्या एकमेकींच्या आड येतात व कॅव्हिटेशन क्षीण होते. त्यामुळे दोन तबकड्यांमधील अंतर निर्मात्याने सांगितल्यापेक्षा कमी करू नये.

पाण्याची देखभाल

पाण्याची निवड

यंत्रात ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) किंवा क्षारमुक्त केलेले पाणी वापरतात. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या घन पदार्थांची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम आहे. अशा पाण्याचे २ मिलिलिटर थेंब तबकडीवर राहून सुकले तर सुमारे १ मिलिग्रॅम क्षार तिच्यावर उरतात. पिण्यास निर्धोक असलेले पाणी ध्वनिमुद्रिकेच्या दृष्टीने स्वच्छ नसते, ते याच कारणाने. घरगुती आरओ शुद्धीकरण यंत्राच्या पाण्यातही काही क्षार शिल्लक असतात. चव राखण्यासाठी काही यंत्रे त्यात मूळ पाण्याचा अंश मुद्दाम मिसळतात.

वायुमुक्ती

ताज्या पाण्यात हवा विरघळलेली असते. ती लहरींची ऊर्जा शोषते आणि बुडबुड्यांच्या कोसळण्याचा जोर कमी करते. त्यामुळे टाकी भरल्यावर तबकडी न लावता यंत्र काही मिनिटे चालवतात. सुरुवातीला वर येणारे दृश्य बुडबुडे कमी झाले की पाणी वापरायोग्य झाले असे समजतात.

ओलावा वाढवणारी द्रव्ये

शुद्ध पाण्याचा पृष्ठताण २५ अंश सेल्सिअसला सुमारे ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो. व्हायनिलवर असे पाणी न पसरता थेंबांच्या रूपात राहते. पृष्ठताण कमी करण्यासाठी अल्प प्रमाणात अनायनी पृष्ठक्रियाकारक वापरतात. भांडी धुण्याच्या द्रवात रंग, सुगंध व इतर पदार्थ असतात आणि ते खाचेत राहू शकतात, म्हणून तो टाळतात. पृष्ठक्रियाकारक जास्त झाल्यास फेस येतो, पंप हवा ओढू लागतो आणि तबकडीवर चिकट थर राहतो. असे द्रव्य वापरले असेल तर तबकडी दुसऱ्या भांड्यातील निव्वळ ऊर्ध्वपातित पाण्याने विसळणे आवश्यक असते. यंत्राच्या निर्मात्याने केवळ पाण्याचीच शिफारस केली असल्यास त्यात काहीही मिसळत नाहीत.

पाणी गाळणे व बदलणे

गाळणी फक्त न विरघळलेले कण अडवते. १ मायक्रोमीटर किंवा त्याहून सूक्ष्म गाळणीतूनही विरघळलेले क्षार, पृष्ठक्रियाकारक व पाण्यात एकजीव झालेला तेलकट अंश पार जातो. त्यामुळे गाळणी असलेल्या यंत्रातही पाणी बदलावे लागते.

विरघळलेल्या क्षारांचा अंदाज घेण्यासाठी टीडीएस मापक वापरतात. नव्या ऊर्ध्वपातित पाण्यात त्याचा आकडा शून्याच्या जवळ असतो. प्रत्येक सत्राच्या आरंभी व शेवटी नोंद ठेवल्यास पाणी कधी बदलावे याचा अंदाज येतो. मात्र हे मापक पाण्याची विद्युतवाहकता मोजते. तेल, बुरशीचे तंतू, धूळ आणि अनायनी पृष्ठक्रियाकारक यांची त्याला दखल घेता येत नाही. त्यामुळे आकडा कमी आहे म्हणून पाणी स्वच्छ आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही. पाणी गढूळ दिसणे, त्यावर तवंग येणे, वास येणे किंवा सुकलेल्या तबकडीवर डाग दिसणे यांपैकी एकही लक्षण दिसल्यास आकडा काहीही असला तरी पाणी बदलतात.

साठून राहिलेल्या पाण्यात, ते ऊर्ध्वपातित असले तरी, जिवाणू वाढतात आणि टाकीच्या व नळ्यांच्या आतून बुळबुळीत थर धरतो. हा थर सुटून गाळणी तुंबवतो. यासाठी सत्र संपल्यावर टाकी रिकामी करून कोरडी करण्याची पद्धत आहे. कोकणपट्टीसारख्या दमट हवेच्या प्रदेशात, विशेषतः पावसाळ्यात, ही काळजी अधिक महत्त्वाची ठरते. बुरशी आलेली तबकडी थेट टाकीत न घालता आधी हाताने स्वच्छ करून घेतल्यास सर्व पाणी दूषित होत नाही.

तापमान

लहरींच्या ऊर्जेचे अखेर उष्णतेत रूपांतर होते. ६ लिटर पाण्याचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढवण्यास सुमारे २५ किलोज्यूल ऊर्जा लागते. २०० वॅट शक्तीच्या यंत्रात, उष्णता बाहेर न गेल्यास, ही वाढ सुमारे २ मिनिटांत होते. २८ अंशांचे पाणी अशा प्रकारे पाव तासात ३५ अंशांपर्यंत पोहोचू शकते. प्रत्यक्षात काही उष्णता बाहेर जात असल्याने थोडा अधिक वेळ लागतो.

तबकडीचे व्हायनिल हे मुख्यतः व्हायनिल क्लोराइड व व्हायनिल ॲसिटेट यांचे सहबहुवारिक असते. ते सुमारे ६० ते ७० अंशांच्या टप्प्यात मऊ होऊ लागते, आणि त्याहून कमी तापमानालाही असमान उष्णतेने किंवा भाराने वाकू शकते. वाकलेली तबकडी पूर्ववत करणे कठीण असते. म्हणून पाणी साधारणपणे ३५ अंशांच्या आसपास ठेवतात व ४० अंशांची मर्यादा ओलांडत नाहीत. सर्वसाधारण टाक्यांतील उष्णकाचे नियंत्रक ६० अंशांहून अधिक तापमानापर्यंतही लावता येतात. त्यामुळे नियंत्रकाच्या आकड्यावर विसंबून न राहता वेगळ्या तापमापकाने पडताळणी करतात. सलग अनेक तबकड्या धुताना मध्ये विश्रांती दिल्यास पाणी व कंपक दोन्ही थंड होतात.

पाण्याची पातळी

१२ इंची दीर्घवादन तबकडीवरील सर्वांत आतली ध्वनिखाच केंद्रापासून सुमारे ६० मिलिमीटरवर संपते आणि कागदी लेबलची कड सुमारे ५० मिलिमीटरवर असते. याचा अर्थ पाण्याची रेषा सुमारे १० मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्यातच असावी लागते. पातळी खाली गेल्यास आतल्या खाचा कोरड्या राहतात आणि वर गेल्यास लेबल भिजते. प्रत्येक तबकडीबरोबर थोडे पाणी टाकीबाहेर जाते व काही वाफेने उडते. त्यामुळे दर काही तबकड्यांनंतर पातळी पाहून ऊर्ध्वपातित पाण्याची भर घालतात. ही भर म्हणजे पाणी बदलणे नव्हे. जुना मळ टाकीतच राहतो.

टाकी व कंपक

कॅव्हिटेशन टाकीच्या तळावरही आघात करते. कालांतराने कंपकांच्या वरच्या भागात पोलाद निस्तेज व खरबरीत होते. तळाशी साचलेले वाळूचे किंवा धातूचे कण कंपनांमुळे तळावर घासून ही झीज वाढवतात. म्हणून प्रत्येक वेळी पाणी काढल्यावर तळ मऊ कापडाने पुसून घेतात. तारेचा काथ्या किंवा घासणी वापरत नाहीत, कारण ओरखडे पुढील झिजेची सुरुवात करून देतात. कोणतीही वस्तू थेट तळावर ठेवणेही टाळतात.

क्षारांचा पांढरा थर बसला असल्यास सायट्रिक आम्लाचे (लिंबाच्या सत्त्वाचे) सौम्य द्रावण वापरून टाकी दोनदा विसळतात. क्लोरीनयुक्त विरंजक गंजरोधक पोलादालाही बारीक छिद्रे पाडू शकते, म्हणून ते वापरू नये.

टाकी रिकामी किंवा अपुरी भरलेली असताना यंत्र चालवणे ही कंपकांना सर्वाधिक अपाय करणारी चूक मानली जाते. पाणी नसल्यास ऊर्जा बाहेर पडण्यास मार्ग राहत नाही, कंपक तापतो आणि त्याला टाकीशी जोडणारे इपॉक्सी सुटू शकते. सुटलेला कंपक घरी पुन्हा चिकटवणे बहुधा यशस्वी होत नाही.

मोटर, गाळणी व पंखा

तबकडी सावकाश फिरणे आवश्यक असते. वेगाने फिरल्यास पाणी घुसळले जाते, त्यात हवा मिसळते आणि कॅव्हिटेशन कमी होते. दांडा, रबरी चकत्या व लेबल-रक्षकांच्या कडा वेळोवेळी तपासतात, कारण झिजलेल्या कडेतून पाणी लेबलपर्यंत जाते. स्पंजची गाळणी ऊर्ध्वपातित पाण्यात पिळून धुता येते. कागदी किंवा घडीची गाळणी तुंबल्यावर बदलतात. पाण्याचा प्रवाह मंदावणे हे गाळणी तुंबल्याचे पहिले लक्षण असते. पंप कोरडा चालवू नये.

पंखा खोलीतील हवाच ओल्या तबकडीवर सोडतो. त्याच्या जाळीवर धूळ असल्यास ती खाचेत बसते, म्हणून जाळी नियमित स्वच्छ करतात.

कार्यक्षमतेची चाचणी

कॅव्हिटेशन सर्वत्र सारखे होते की नाही हे पाहण्यासाठी ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची (फॉइलची) चाचणी घेतात. वायुमुक्त केलेल्या पाण्यात पत्रा तळाला न टेकवता उभा धरून यंत्र ३० ते ६० सेकंद चालवतात. ४० किलोहर्ट्‌झच्या टाकीत पत्र्यावर समान विखुरलेले खळगे व छिद्रे दिसणे अपेक्षित असते. मोठा भाग कोरा राहिल्यास त्या बाजूचा कंपक निकामी असण्याची शक्यता असते. उच्च वारंवारतेच्या यंत्रात छिद्रे पडत नाहीत, फक्त बारीक ठिपके उमटतात. नवेपणी केलेल्या चाचणीचा पत्रा जपून ठेवल्यास पुढील तुलनेसाठी उपयोगी पडतो. चाचणीत धातूचे कण सुटत असल्याने त्यानंतर सर्व पाणी टाकून टाकी पुसणे आवश्यक असते.

सामान्य तक्रारी व कारणे

- धुतल्यानंतर खरखर वाढणे : मळ सुटला, पण तो मळकट पाण्यातून पुन्हा खाचेत बसला. पाणी बदलून व विसळून पुन्हा धुतल्यास फरक पडतो. खाच झिजली असल्यास मात्र आवाज कायम राहतो.
- वादनानंतर सुईवर पांढरट साय जमणे : पृष्ठक्रियाकारकाचा अंश राहिला.
- गोल पांढरे डाग : पाण्यातील क्षार वाढले.
- यंत्राचा आवाज बदलणे : पाण्याची पातळी, हवा किंवा सैल भाग यांची तपासणी करावी.
- तळाखाली ओल दिसणे : टाकीला छिद्र पडले असण्याची शक्यता. वीजपुरवठा ताबडतोब बंद करून यंत्र तंत्रज्ञाकडे द्यावे.

देखभालीचे वेळापत्रक

- प्रत्येक सत्रापूर्वी : पातळी व तापमान पाहणे, वायुमुक्ती करणे.
- सत्र चालू असताना : दर काही तबकड्यांनंतर पातळी, तापमान व पाण्याचा रंग तपासणे.
- प्रत्येक सत्रानंतर : टाकी रिकामी करणे, तळ पुसणे, झाकण उघडे ठेवून सुकवणे.
- दरमहा : गाळणी, पंख्याची जाळी, रबरी चकत्या तपासणे.
- वर्षातून एक-दोनदा : फॉइलची चाचणी, नळ्यांची तपासणी, क्षारांचा थर काढणे.

नियमित वापर नसल्यास महिन्यांऐवजी धुतलेल्या तबकड्यांची संख्या मोजून वेळापत्रक ठरवणे सोयीचे असते.

सुरक्षितता

पाणी भरताना व काढताना यंत्राची पिन काढून ठेवतात. २३० व्होल्टच्या जोडणीला योग्य अर्थिंग असणे अत्यावश्यक आहे. यंत्र चालू असताना टाकीत हात घालू नये. श्राव्यातीत लहरींबरोबर ऐकू येणारा कर्कश आवाजही निर्माण होतो, म्हणून झाकण बंद ठेवणे किंवा कर्णरक्षक वापरणे हितावह असते.

काही संग्राहक पाण्यात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळतात. शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलचा ज्वलनांक सुमारे १२ अंश सेल्सिअस आहे, म्हणजे नेहमीच्या खोलीच्या तापमानालाही त्याची वाफ पेट घेऊ शकते. पाण्याने हा धोका कमी होतो. पण उघड्या, तापणाऱ्या आणि तुषार उडवणाऱ्या टाकीत तो पूर्णपणे नाहीसा होत नाही.

मर्यादा

श्राव्यातीत स्वच्छतेने मळ निघतो. झिजलेली खाच किंवा ओरखडा त्यामुळे दुरुस्त होत नाही. ही पद्धत सर्व प्रकारच्या तबकड्यांना लागूही पडत नाही. ॲल्युमिनियमवर लाखेसारखा लेप दिलेल्या, थेट ध्वनिमुद्रणासाठी वापरल्या गेलेल्या तबकड्यांचा लेप सुटू शकतो. अशा तबकड्या अनेकदा एकमेव प्रती असतात.

७८ फेऱ्यांच्या बहुतेक तबकड्या शेलॅक, म्हणजे लाखेपासून मिळणाऱ्या राळेत खनिज पूड मिसळून बनवलेल्या आहेत. शेलॅक अल्कोहोलमध्ये विरघळते, त्यामुळे व्हायनिलसाठी तयार केलेले अल्कोहोलमिश्रित द्रावण अशा तबकडीच्या खाचाच नष्ट करू शकते. तडा गेलेल्या शेलॅक तबकडीत पाणी शिरून तडा वाढण्याचाही धोका असतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मराठी नाट्यसंगीताचे ध्वनिमुद्रण मुख्यतः याच प्रकारच्या तबकड्यांवर झाले आहे. बालगंधर्वांसारख्या गायक-नटांचा त्या काळातील आवाज त्यांच्यावरच जतन झालेला असल्याने अशी तबकडी यंत्रात घालण्यापूर्वी तिचा प्रकार ओळखणे ही पहिली पायरी ठरते. प्रकाराबद्दल शंका असल्यास ती यंत्रात न घालता ध्वनिसंग्रहालयातील जाणकारांचा सल्ला घेणे सुरक्षित असते.